त्याला आधी लिंबूटिंबू होऊ द्या



जूनमध्ये शाळा सुरू झाली की पहिल्याच आठवड्यात एक तक्रार हमखास कानावर येते. मूल आईच्या ओढणीचं टोक धरून उभं असतं आणि आई त्याच्या डोक्यावरून आपल्याशी बोलत असते. "मॅडम, हा फार लाजाळू आहे हो. घरात नुसता धुमाकूळ, पण बाहेर तोंडातून शब्द फुटत नाही. कॉलनीत एवढी मुलं खेळतात, हा आपला जिन्यात बसून राहतो. जरा धीट करा याला." मग आपणही खाली वाकून विचारतो, "काय रे, बोलत का नाहीस? तोंडात मूग गिळलेस की काय?" मोठी माणसं हसतात. मूल आणखी मागे सरकतं.

हे मी स्वतः कितीतरी वर्षं केलं आहे. आज लिहायला बसले त्याचं कारण असं की, एका मुलाच्या बाबतीत मी याहून मोठी चूक केली. ती निस्तरली मात्र सातवीतल्या एका मुलीने. तिने जे केलं ते आपल्या गल्ल्यांमधलं फार जुनं शहाणपण आहे. आपण मोठी माणसं ते विसरत चाललो आहोत, असं माझं स्पष्ट मत आहे.

माझी चूक

मुलगा तिसरीतला. वडिलांची बदली झाली म्हणून कुटुंब आमच्या गावात नवीन आलेलं, आणि योगायोगाने आमच्याच कॉलनीत राहायला आलेलं. त्यामुळे तो मला वर्गातही दिसायचा आणि संध्याकाळीही. वर्गात अक्षर सुरेख, गणितं बरोबर, पण हात कधी वर नाही. संध्याकाळी साडेपाचला मुलं मोकळ्या प्लॉटवर जमली की हा जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर येऊन बसायचा. कठड्याचा गज धरून दिवेलागणीपर्यंत खेळ बघायचा आणि वर निघून जायचा. रोज.

जुलैत एके दिवशी पाऊस उघडला होता. सगळी मुलं बाहेर आणि हा तिथेच पायरीवर. मला राहवलं नाही. मी त्याचा हात धरला, प्लॉटवर नेलं आणि मोठ्याने सांगितलं, "ए मुलांनो, याला पण घ्या रे खेळायला!"

"हो मॅडम!" सगळे एका सुरात म्हणाले. नाही तरी कसं म्हणणार? त्यातली निम्मी माझ्याच शाळेची. मी समाधानाने घरात गेले आणि कुकर लावला.

अर्ध्या तासाने खिडकीतून पाहिलं. डबा ऐसपैस चालला होता आणि राज्य त्याच्यावर होतं. नंतर कळलं, पहिल्यापासून त्याच्यावरच होतं. आता डबा ऐसपैसमध्ये काय असतं? लपलेला गडी दिसला की त्याचं नाव घेऊन ओरडायचं असतं. याला कुणाचंच नाव माहीत नव्हतं. लपायच्या जागा माहीत नव्हत्या. एखादा दिसला तरी ओरडायला तोंड उघडत नव्हतं. तेवढ्यात मागून कुणीतरी येऊन डबा उडवायचा, की पुन्हा राज्य याच्यावरच. शेवटी त्याचे डोळे भरून आले, तेव्हा कुणीतरी ओरडलं, "रडीचा डाव खडी!"

तो वर निघून गेला. पुढचे आठ दिवस तो पायरीवरसुद्धा आला नाही.

मला खरं लागलं ते हे. त्याच्याकडे निदान एक पायरी होती, तीही मी घालवली होती. माझा अधिकार मी त्याला उसना दिला, पण मी तिथून निघाले तसा तो संपला. मुलांच्या दृष्टीने मागे उरला तो फक्त 'मॅडमनी घ्यायला लावलेला पोरगा'.

बघत बसणं म्हणजे काहीच न करणं नव्हे

माझ्या चुकीचं मूळ कुठे होतं? पायरीवर बसलेला मुलगा काहीच करत नाही, असं मी धरून चालले होते.

मिल्ड्रेड पार्टेन नावाच्या अमेरिकी संशोधक बाईंनी दोन ते पाच वर्षांच्या मुलांचा खेळ बारकाईने पाहिला आणि १९३२ साली त्याबद्दल लिहिलं. डी.एड., बी.एड. करताना आपल्यापैकी अनेकांनी हे वाचलं असेल. मुलांच्या खेळात सामील होण्याच्या पद्धती त्यांनी वेगवेगळ्या करून दाखवल्या. एकट्याने खेळणं, इतरांचा खेळ बघत राहणं, दुसऱ्याच्या शेजारी बसून आपला आपण खेळणं, मग थोडी देवाणघेवाण, आणि शेवटी सगळ्यांनी मिळून ठरवून खेळणं. म्हणजे 'बघणारा' हासुद्धा या यादीत आहे.

तुम्ही म्हणाल, ते दोन ते पाच वर्षांच्या मुलांचं झालं, आठ वर्षांच्या मुलाचं काय? मग स्वतःचं आठवून पाहा. बदली होऊन नव्या शाळेत हजर झालात त्या दिवशी शिक्षकखोलीत काय केलंत? आधी कडेची खुर्ची धरली. कुणाची जागा कुठली, डबा कोण कुणाबरोबर खातं, कुणाचा शब्द चालतो, हे दोन-चार दिवस गुपचूप बघितलं. तेव्हा तुम्हाला कुणी 'लाजाळू' म्हणालं नाही.

१९८१ साली मार्था पुटालाझ आणि जॉन गॉटमन या दोघांनी दुसरी-तिसरीतली मुलं चालू खेळात शिरतात कशी, याचा अभ्यास केला. जी मुलं इतरांना फारशी आवडत नव्हती, ती आल्या आल्या स्वतःबद्दल सांगत, प्रश्न विचारत, आपलं मत मांडत. इतरांना आवडणारी मुलं आधी काय चाललंय ते समजून घेत आणि त्यातच मिसळून जात. थोडक्यात, शांतपणे बघणं ही खेळात शिरायची तयारी असते. लाजाळू मुलाला ही तयारी चांगली जमते. तो अडतो त्याच्या पुढच्या पावलाला.

'लाजाळू' हा शिक्का

वर्गात परिसर अभ्यास शिकवताना आपण लाजाळूचं रोप दाखवतो. बोट लावलं की पानं मिटतात. थोडा वेळ हात लावला नाही तर आपोआप उघडतात. ओढून उघडायला गेलं तर पान तुटतं. वर्गातली मुलंसुद्धा हे एका तासात शिकतात, पण आपल्याच लेकराच्या बाबतीत आपल्याला ते आठवत नाही.

हार्वर्ड विद्यापीठातल्या जेरोम केगन यांनी चार महिन्यांच्या बाळांपासून सुरुवात करून पुढे अनेक वर्षं त्यांचा मागोवा घेतला. नवा आवाज, नवी वस्तू समोर आली की साधारण पाचातलं एक बाळ जोरात हातपाय हलवतं, अस्वस्थ होतं, रडतं. अशी बाळं पुढे नवख्या ठिकाणी बुजण्याची शक्यता जास्त असते, असं त्यांना दिसलं. पण त्यातली सगळीच मुलं कायम बुजरी राहिली नाहीत.

यातून मी दोन गोष्टी घेते. पहिली आईवडिलांसाठी. मूल बुजरं आहे यात तुमचं काही चुकलेलं नाही. 'आईनेच पदराखाली ठेवलं' हे टोमणे सासरच्यांनी आणि शेजाऱ्यांनी बंद करावेत. दुसरी आपल्या सगळ्यांसाठी. बुजरेपणा म्हणजे ललाटरेषा नव्हे, भोवतालाने तो कमी होतो किंवा वाढतो. आणि वाढवायचा सगळ्यात सोपा उपाय म्हणजे मुलाच्या देखत दहा जणांना सांगणं, "हा ना, लाजाळूच आहे." मूल ते ऐकतं आणि हेच आपलं नाव, असं धरून चालतं.

त्याऐवजी एवढंच म्हणा, "त्याला थोडा वेळ लागतो." खरंही आहे आणि पुढची वाटही उघडी राहते.

सातवीतल्या ताईने काय केलं

आठ दिवसांनी तो पुन्हा पायरीवर आला. या वेळी मी गप्प बसले. प्लॉटवर लगोरी चालली होती. चेंडू घरंगळत जिन्याशी आला. सातवीतली एक मुलगी ओरडली, "ए, चेंडू दे ना!" त्याने उचलून टाकला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच. तिसऱ्या दिवशी तो पायरी सोडून खाली उभा होता, चेंडू आला तर पटकन मिळावा म्हणून. चौथ्या दिवशी ती जाता जाता म्हणाली, "तू लिंबूटिंबू हां. त्या बाजूला उभा राहा." झालं! 'खेळतोस का' असं विचारणं नाही की समजूत घालणं नाही. तो खेळात होता.

लिंबूटिंबू! आपल्यापैकी कितीतरी जण लहानपणी कधी ना कधी लिंबूटिंबू होतो. कुठे 'कच्चा लिंबू' म्हणतात. अर्थ एकच. हा गडी खेळात आहे, पण बाद होत नाही. पकडला गेला तरी राज्य त्याच्यावर येत नाही. त्याच्या चुकीने कुणाचा डाव जात नाही. आपण हा शब्द थट्टेने वापरतो, पण नीट विचार केलात तर लक्षात येईल की यापेक्षा चांगली सोय एखाद्या बालमानसतज्ज्ञालाही सुचणार नाही. लाजाळू मुलाला भीती कशाची असते? सगळ्यांसमोर चुकण्याची, आणि आपल्यामुळे गट हरला हे ऐकण्याची. लिंबूटिंबू झालं की या दोन्ही भीती जातात, खेळ तेवढा उरतो. आत राहून तो नियम शिकतो, नावं शिकतो, कोण चिडखोर आणि कोण सांभाळून घेणारा, हेही शिकतो.

ही सोय निर्माण झाली कारण गल्लीत सगळ्या वयाची मुलं एकत्र असायची. धाकट्या भावंडाला सांभाळायचं आणि खेळायचंही, मग त्याला खेळात कसं बसवायचं? लिंबूटिंबू करून. आज काय दिसतं? दहा वर्षांखालची बॅच वेगळी, बारा वर्षांखालची वेगळी. तासाच्या भाड्याने घेतलेलं टर्फ, आणि भाडं भरलंय म्हणजे जिंकायलाच हवं. पैसे भरलेल्या तासात लिंबूटिंबूला कोण घेणार? सोसायटीच्या आवारात पाटी असते, 'येथे खेळू नये'. उरलेला वेळ क्लास आणि मोबाइल खातात. खेळात शिरायचा एकच दरवाजा उरतो, तो म्हणजे समोर जाऊन "मला घेता का?" असं विचारणं. आणि नेमकं हेच लाजाळू मुलाला सगळ्यात अवघड जातं.

मी जुनं ते सगळं सोनं म्हणत नाही. जुन्या गल्लीत कुणाला घ्यायचं नाही हेही ठरलेलं असायचं. वस्तीतल्या मुलांना ओसरीपर्यंतही येऊ दिलं जात नसे. मुली जरा मोठ्या झाल्या की त्यांना घरात बोलावून घेतलं जायचं. चिडवणं, मारामाऱ्या होत्याच. ते परत नको. पण त्या गल्लीने तयार केलेली ही एक सोय टाकून देण्यासारखी नाही. उलट ती आता सगळ्यांसाठी वापरायला हवी.

लहान-मोठ्या वयाची मुलं एकत्र खेळण्याचा फायदा संशोधनातही दिसला आहे. १९७९ साली विलार्ड हार्टप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बालवाडीच्या वयाची २४ एकलकोंडी मुलं निवडली. काहींना त्यांच्यापेक्षा लहान मुलाबरोबर दहा वेळा खेळायला दिलं, काहींना बरोबरीच्या मुलाबरोबर, आणि काहींना तसंच ठेवलं. लहान जोडीदार मिळालेली मुलं नंतर वर्गात जास्त मिसळू लागली. कारण समजायला अवघड नाही. आपल्यापेक्षा लहान मुलाबरोबर खेळताना पुढाकार आपोआप आपल्याकडे येतो. तेव्हा "हा काय बाळांबरोबर खेळतो" म्हणून मुलाला हिणवू नका. त्याची तिथे तालीम चाललेली असते.

सभाधीटपणा वेगळा, मैत्री वेगळी

लाजाळू मुलाला आपण लगेच वक्तृत्व स्पर्धेत उभं करतो. पंधरा ऑगस्टला भाषण, स्नेहसंमेलनात नाटक, सुट्टीत व्यक्तिमत्त्व विकास शिबिर. माझा याला विरोध नाही. ज्याला आवडतं त्याने जरूर करावं. पण हे मैत्रीवरचं औषध आहे, असं समजू नये.

पाठ केलेलं भाषण म्हणताना समोरून कुणी मध्ये बोलत नाही. कधी सुरू करायचं, कधी थांबायचं, सगळं ठरलेलं असतं. मैत्रीत काहीच ठरलेलं नसतं. दणदणीत भाषण करून बक्षीस घेणारी मुलं मधल्या सुट्टीत एकटी डबा खाताना मी पाहिली आहेत. आणि स्टेजवर पाय लटपटणाऱ्या मुलीला जिवाला जीव देणाऱ्या दोन मैत्रिणी असतात, हेही पाहिलं आहे. दुसरीची मला काळजी वाटत नाही.

पालकांना करता येण्यासारखं

हे सगळं साधं आहे. पैसे लागत नाहीत, थोडा धीर लागतो.

१. लवकर पोहोचा. पंधरा मुलं रंगात आलेली असताना आत शिरणं कुणालाही जड जातं. एक-दोन मुलं आलेली असतानाच आपलं मूल तिथे असू द्या. मग बाकीची मुलं त्याच्याकडे येतात, त्याला त्यांच्याकडे जावं लागत नाही.

२. खेळाचे नियम घरी शिकवा. लगोरी, लंगडी, विषामृत, क्रिकेट, जे तुमच्या गल्लीत चालतं ते. कितीतरी मुलं लाजत नसतात, त्यांना खेळ येत नसतो आणि ते सांगायची चोरी असते. बाबांनी रविवारी अर्धा तास अंगणात नेम धरायला शिकवलं तर मोठं काम होतं.

३. वेगळं वाक्य शिकवा. "मला घेता का?" या प्रश्नाला "नाही" असं उत्तर येऊ शकतं. "मी चेंडू आणून देऊ?", "मी दगड रचू?" याला सहसा कुणी नाही म्हणत नाही.

४. एकाच मुलाला घरी बोलवा. वाढदिवसाला तीस मुलं बोलावली तर यजमान मूलच कोपऱ्यात बसतं. एक मूल, तासभर वेळ आणि हाताला काहीतरी काम असू द्या. कॅरम, पत्ते, पतंग, शेंगा सोलणं, काहीही. समोरासमोर बसून "गप्पा मारा" म्हटलं की दोघंही गप्प होतात. हात गुंतले की तोंड सुटतं.

५. शेजारी पाठवा. वाटीभर खीर, दिवाळीच्या फराळाचं ताट, विरजणाला थोडं दही. "काकूंना सांग, आईने दिलंय." एवढं एक वाक्य, ओळखीचं दार आणि हातात काहीतरी. मुलांची बाहेरच्या जगाशी बोलायची पहिली शाळा हीच. हल्ली आपण ही कामंही फोनवर उरकतो.

६. घरी आल्यावर उलटतपासणी नको. "झाला का कुणी मित्र? बोललास का?" असं विचारलं की खेळणं म्हणजे परीक्षा होते. "आज काय खेळलात?" एवढं पुरे. नाही सांगितलं तर सोडून द्या.

आणि ढकलू नका. "जा, जा, काय बायकांसारखा घरात बसतोस" हे तर अजिबात नको. त्यात मुलाचाही अपमान आहे आणि घरातल्या बाईचाही.

शिक्षकांना करता येण्यासारखं

मैत्री शाळेबाहेर घडत असली तरी तिची सोय शाळेत करता येते.

वर्गाची यादी वाडी, वस्ती, गल्लीप्रमाणे एकदा करून पाहा. कोण कुणाच्या जवळ राहतं, हे आपल्यालाच माहीत नसतं. एका गल्लीतल्या दोघातिघांना मिळून एक काम द्या. गल्लीतली झाडं मोजून आणा, आजीआजोबांना जुने खेळ विचारून लिहून आणा. संध्याकाळी एकमेकांच्या दारात जायला कारण मिळतं. लाजाळू मुलाला कारणाची फार मदत होते.

गट पाडताना दोन कॅप्टन उभे करून "निवडा एकेक" म्हणू नका. शेवटी उरलेल्या मुलाचा चेहरा एकदा पाहा. त्यापेक्षा बऱ्याच गावांत खेळतात ती जुनी रीत वापरा. साधारण बरोबरीची दोन मुलं जोडीने बाजूला जातात, गुपचूप नावं ठरवतात आणि येऊन विचारतात, "आंबा हवा की फणस?" कॅप्टन आंबा म्हणाला की आंबा त्याच्याकडे, फणस दुसरीकडे. यात कुणीच शेवटी उरत नाही. जोड्या मात्र आपण लावून द्याव्यात.

शिक्षण हक्क कायदा २००९ प्रमाणे शाळेला मैदान हवं. ते मैदान साडेपाचनंतर कुलपात का राहावं? शाळा व्यवस्थापन समितीत हा विषय काढता येतो. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेतलं ३१ वं कलम मुलाचा खेळण्याचा हक्क मान्य करतं, आणि भारताने ती संहिता १९९२ साली स्वीकारली आहे. 'येथे खेळू नये' ही पाटी लावणाऱ्या सोसायट्यांनाही हे सांगायला हरकत नाही.

काळजी कधी करावी

प्रत्येक शांत मूल लाजाळू नसतं आणि प्रत्येक लाजाळू मुलाला उपचार लागत नाहीत. पण काही गोष्टींकडे दुर्लक्ष करू नये.

मूल हाक मारल्यावर वळत नसेल, सूचना अर्धवट पाळत असेल तर आधी कान तपासा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीसाठी शाळेत येतं, त्यांना ते मूल आवर्जून दाखवा. घरची भाषा वेगळी असेल तर ते लाजत नाही, शब्द गोळा करत असतं. त्याला वेळ द्या, आणि त्याच्या भाषेतले दोन शब्द आपण शिका. काल-परवापर्यंत खेळणारं मूल अचानक घरात बसायला लागलं तर स्वभाव म्हणून सोडून देऊ नका. कुणी मारतंय का, त्रास देतंय का, काही वाईट घडलंय का, हे शांतपणे शोधा. आणि घरी भरपूर बोलणारं मूल शाळेत किंवा बाहेर महिनाभराहून जास्त काळ अजिबात बोलत नसेल, तर समुपदेशक किंवा बालरोगतज्ज्ञांना भेटा. नव्या शाळेतला पहिला महिना यात धरू नका. याला सिलेक्टिव्ह म्युटिझम म्हणतात. तो हट्ट नसतो, आणि रागावून तो जात नाही.

शेवटी त्या मुलाबद्दल

दिवाळीच्या आधी प्लॉटच्या कोपऱ्यात किल्ला सुरू झाला. दगड, विटा, जुनी पोती आणि चिखल. किल्ल्यावर कामं इतकी असतात की बोललं नाही तरी चालतं. हा पाण्याच्या बादल्या आणायचा, माती चाळायचा. उतारावर अळीव पेरायचं काम त्याला दिलं आणि रोज पाणी घालायचंही. आठवड्याभरात डोंगर हिरवागार झाला. तोपर्यंत त्याला सगळ्यांची नावं पाठ झाली होती आणि सगळ्यांना त्याचं.

दिवाळीची सुट्टी संपत आली होती तेव्हाची गोष्ट. मी ओट्यावर गहू निवडत होते. प्लॉटवर डबा ऐसपैस सुरू होणार होता. तीच ताई सवयीने म्हणाली, "आणि हा लिंबूटिंबू."

"नाही," तो म्हणाला. आवाज बारीकच होता, पण मला ऐकू आला. "मी लिंबूटिंबू नाही. माझ्यावर राज्य आलं तर मी घेणार."

त्या दिवशी राज्य त्याच्यावर आलंही. त्याने दोघांना नाव घेऊन बाद केलं, तिसऱ्याने डबा उडवला. पुन्हा राज्य. या वेळी तो वर गेला नाही.

आता तो पाचवीत आहे. अजूनही कमीच बोलतो. वर्गात हात क्वचितच वर करतो, भाषणाला उभा राहत नाही. पण संध्याकाळी त्याच्या दाराखाली दोन पोरं त्याच्या नावाने ओरडतात, आणि तो चपला अडकवत जिना उतरतो. मला एवढं पुरेसं वाटतं. त्याच्या आईलाही वाटतं.

तुमच्या गल्लीत, आवारात, वस्तीवर असं एखादं मूल पायरीवर बसलेलं असेल. उद्या त्याचा हात धरून ओढू नका. खेळणाऱ्यांमधली एखादी समजूतदार ताई किंवा दादा शोधा आणि त्याला बाजूला घेऊन हळूच एवढंच सांगा, "त्याच्याकडे चेंडू गेला, तर त्यालाच टाकायला सांग."

पुढचं मुलं बघून घेतात.